सांगून आलेली वादळं

हवामान खात्याच्या नकाशावर 'निसर्ग' चक्रीवादळाच्या वाटेची एक रेघ आहे. अरबी समुद्रातून वर सरकत ती रायगडच्या किनाऱ्यावर चढते, घाट ओलांडते आणि ईशान्येला निघून जाते. ३ जून २०२० च्या दुपारी वादळ अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आलं. ४ जूनच्या सकाळी त्याचा उरलासुरला भाग पश्चिम विदर्भावर, म्हणजे आमच्याच मुलखावर होता. तोवर वाऱ्यातला जीव गेला होता. बुलढाणा जिल्ह्यात, चिखलीकडे आमच्या घरच्यांनी पेरणीआधीची भुरभुर म्हणून तो पाऊस गोड मानून घेतला. मी मात्र तेव्हा त्या रेघेच्या दुसऱ्या टोकाला, श्रीवर्धन तालुक्यात होतो, आणि मी धड आहे की नाही हे त्यांना कळायला काही मार्ग नव्हता.

कोकणातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत विदर्भ-मराठवाड्यातले मास्तर असणं ही नवलाची गोष्ट नाही. डी. एड. झालं, जागा निघाली तिकडे गेलो, आणि आंतरजिल्हा बदलीची वाट बघत तिथलेच होत गेलो, अशी आमची एक पिढीच आहे. मी रुजू झालो त्याच वर्षी, ११ नोव्हेंबर २००९ ला, 'फयान' आलं. मासेमारीचे भराचे दिवस. ज्यांना वेळेवर कळलं त्यांनी जवळचं बंदर गाठलं, बाकीच्यांना आभाळच काय ते सांगत होतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या काही होड्या परत आल्याच नाहीत. आमच्या खाडीत फार झालं नाही, म्हणून फयान लोकांच्या लक्षात राहिलं ते 'आलं नि गेलं' असं. या आठवणीने पुढे बराच घोळ केला.

माझ्या मनात हवामानाचा अंदाज म्हणजे भेंडवळ. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी जळगाव जामोद तालुक्यातल्या या गावी शेतात घट मांडतात. गोलाकार अठरा प्रकारचं धान्य, मधल्या खड्ड्यात मातीची चार ढेकळं म्हणजे पावसाळ्याचे चार महिने, त्यांवर पाण्याची घागर, वर पुरी, पापड, कुरडई. रात्रभर तिकडे कुणी फिरकत नाही. पहाटे कोणतं धान्य विखुरलं, कोणतं ढेकूळ किती भिजलं, यावरून सालाचं भाकीत सांगतात. त्यामागे शास्त्र नाही हे मी वर्गात सांगतो आणि निकाल काय लागला हे घरी फोन करून विचारतोही. पण भेंडवळ ऐकून कुणी घर सोडून जात नाही. फार तर कपाशी किती, सोयाबीन किती याचा हिशेब बदलतो. अंदाज ऐकायचा आणि उठून दुसऱ्याच्या घरात जाऊन बसायचं, ही गोष्टच माझ्या घडणीत नव्हती. गंमत म्हणजे, ती कोकणातही नव्हती.

ओडिशात ती होती, पण फार मोठी किंमत देऊन आलेली. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे १० हजार माणसं गेली. त्यानंतर निवारे उभे राहिले, गावोगाव सराव झाले, आणि २०१३ च्या 'फायलीन'च्या वेळी १० लाखांच्या आसपास लोक आधीच हलवले गेले. आपल्या किनाऱ्यावर १९४८ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईला मोठं वादळ झालं होतं, पण ते बघितलेली माणसं २०२० ला राहिली होती किती? बंगालच्या उपसागराची वादळं आणि अरबी समुद्राचा नुसता पाऊस, अशी सगळ्यांची पक्की समजूत.

२०२० च्या जूनच्या पहिल्या तारखांना पत्रकांत शब्द आले, 'हरिहरेश्वर ते दमण'. हरिहरेश्वर आमच्याच तालुक्यातलं, पण तिथून दमणपर्यंत अडीचशेच्या वर किलोमीटर. एवढ्या पल्ल्यात ते नेमकं आपल्याच दारात कशाला येतंय, असं प्रत्येक गाव म्हणत होतं. वाहिन्यांनी तर ते मुंबईला देऊनच टाकलं होतं. कॅमेरे गेटवेवर आणि मरीन ड्राइव्हवर, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कोरोना केंद्रातले रुग्ण वरळीला हलवल्याच्या बातम्या. आम्ही श्रीवर्धनमध्ये बसून मुंबईची काळजी करत होतो.

२ जूनला दुपारी वादळाला नाव मिळालं. 'निसर्ग', बांगलादेशने सुचवलेलं. त्याच सुमारास मला निरोप आला, की किनाऱ्यालगतच्या कच्च्या घरांतली माणसं संध्याकाळपर्यंत शाळेत आणा. शाळा रिकामी नव्हती. मुंबईहून परतलेले चाकरमानी तिथे विलगीकरणात होते. टाळेबंदीत गावात घेतलं, पण घरात नाही, अशी त्यांची अवस्था. एका खोलीत ते, उरलेल्या दोन खोल्यांत आणि व्हरांड्यात बाकीचं गाव, मध्ये बाकं आडवी लावून केलेली हद्द. एकमेकांपासून लांब राहा आणि एकत्र या, असे दोन हुकूम एकाच वेळी पाळायचे होते.

हुकूम निघाला तरी माणसं निघत नव्हती. ताशी ११० ते १२० किलोमीटर वारा म्हणजे काय, हे मी दारोदार समजावून सांगत होतो. एक जुना तांडेल होडीच्या दोऱ्या आवळत हसला. "मास्तर, तुमच्या गावाला दर्या नाय ना, म्हणून तुमाला भ्या वाटतं. फयान बघितलंय आमी." त्याचं इंजिन नुकतंच दुरुस्त झालेलं. ते सोडून तो हलणार नव्हता. दुसऱ्याला शेळ्यांची चिंता, तिसरीला एवढीच, की शाळेतल्या मुंबईकरांकडून आजार घेऊन येण्यापेक्षा घरातला वारा परवडला. आणि हे म्हणणं वेडेपणाचं आहे असं मला वाटलं नाही, अजूनही वाटत नाही.

लोक हलले ते गावच्या आशाताईमुळे, म्हणजे आशा स्वयंसेविकेमुळे. कोरोनाच्या सर्वेक्षणाची तिची वही होती. दिवस भरलेली पोर कोणत्या घरात, अंथरुणाला खिळलेला म्हातारा कोणत्या, दम्याचं कोण, सगळं त्यात. तिने वाऱ्याचा वेग कुणाला सांगितला नाही. आधी त्या गरोदर पोरीला रिक्षात घातलं, तिच्या मागोमाग तिची सासू निघाली, मग शेजार निघाला. काळोख पडेपर्यंत व्हरांडा भरला. एका आजीने तेलाच्या प्लॅस्टिक कॅनचं तोंड कापून आत रेशनकार्ड, पासबुक आणि नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला ठेवला होता. वर दुधाच्या पिशव्या घट्ट बांधलेल्या. सोनंनाणं काय होतं नव्हतं कोण जाणे, पण ते कागद भिजले तर पेन्शन बंद, हे तिला पक्कं ठाऊक होतं. कोंबड्या टोपल्यांखाली आल्या. शेळ्या पटांगणात. इंजिनवाला आला नाही.

रात्री आईचा फोन आला. "काहून थांबला तथी? निघून ये ना बाप्पा." टाळेबंदीत, जिल्ह्याच्या हद्दी बंद असताना, कसा निघून येऊ? तिला म्हटलं, शाळेत आहे, पक्की इमारत आहे. ती पक्की नव्हती. भिंती दगडी, पण वर मंगलोरी कौलं आणि जुने वासे. त्या रात्रीच्या वाट पाहण्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. वारा नव्हता. उकाडा होता. पोरं बाकांवर झोपली, म्हातारे 'उगाच आणलं' म्हणत विड्या ओढत राहिले, आणि वादळ येऊ नये असं वाटत असतानाच, ते नाही आलं तर उद्या गावात तोंड कसं दाखवायचं, हेही माझ्या डोक्यात घोळत होतं.

सकाळी वारा जमिनीकडून सुरू झाला. अकराच्या पुढे माड कमरेतून वाकायला लागले. तांडेल भिजून चिंब होऊन आला, काही न बोलता कोपऱ्यात बसला. मग आढ्यावरची कौलं गेली. एखाददुसरं नाही, रांगच्या रांग. आम्ही सगळ्यांना भिंतीला चिकटून बसवलं, डोक्यावर बाकं धरली. पोफळी मोडल्याचा आवाज येतो तो फटाक्यासारखा, एकामागून एक. आणि मग एकदम शांत झालं. लोक उठून घराकडे निघाले. तेव्हा तांडेल दारात आडवा उभा राहिला. "अजून दर्याकडून यायचं हाय," म्हणाला. चक्रीवादळाचा डोळा आकृती काढून मी मुलांना शिकवला होता, पण त्या क्षणी ज्याच्यावर लोकांनी विश्वास ठेवला तो माणूस तो होता. मधल्या त्या वेळात आम्ही सगळे जवळच्या एका स्लॅबच्या घरात गेलो. घर मुंबईवाल्याचं, कुलूप लावलेलं. कुलूप तोडलं. पुढे मालकाने त्याबद्दल कधी शब्द काढला नाही. विलगीकरणातले आणि बाकीचे, आता एकाच खोलीत. उलटा वारा आला तेव्हा शाळेचं उरलेलं छप्पर गेलं. त्या गर्दीतून आजार पसरला नाही हे आमचं नशीब, त्याला नियोजन म्हणवत नाही.

सगळे वाचले. बाहेर आलो तर गाव ओळखू येईना, कारण सावलीच नव्हती. माड आणि पोफळी आडव्या, विजेचे खांब आडवे, रस्ते बंद, फोनचे टॉवर गेलेले. मुंबई वाचली म्हणून वाहिन्यांनी सुटकेचा श्वास सोडला होता, आणि श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, पलीकडे मंडणगड, दापोली इथे काय झालंय हे बाहेर कळायला काही दिवस लागले. घरचा नंबर कागदावर लिहून मी माणगावकडे निघालेल्या एका टेम्पोवाल्याकडे दिला. त्या भल्या माणसाने खरंच फोन केला.

वीज यायला कित्येक आठवडे गेले. पत्र्यांचे भाव चढले, कौलं मिळेनात. सरकारने फळबागांची मदत हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजारांवर नेली, ती बातमी ऐकून चिखलीचे माझे भाऊबंद म्हणाले, चांगली आहे की. त्यांच्या डोळ्यांपुढे एकरांतली शेती. इथे वाडी गुंठ्यांत मोजतात. पाच-दहा गुंठ्यांत माड, पोफळी, खाली केळी, मिरवेल, आणि त्यावर सगळं घर. श्रीवर्धनी रोठा सुपारीचं झाड धरायला लागायचं म्हणजे काही वर्षं जातात. ज्या म्हाताऱ्यांनी जुलैत नवी रोपं लावली, त्यांनी ती कुणासाठी लावली हे त्यांना माहीत होतं.

पुढच्याच वर्षी, २०२१ च्या मे महिन्यात, 'तौक्ते'. या वेळी कुणाला समजवावं लागलं नाही. निरोप यायच्या आधीच कॅन भरलेले, शेळ्या वर नेलेल्या. मात्र शाळेकडे कुणी वळलं नाही. ज्या इमारतीचं छप्पर सगळ्यांदेखत उडालं, तिथे कोण जाईल? गावातल्या स्लॅबच्या घरांची यादी आशाताईच्या वहीत आली होती, कुठे कोण जाणार हे ठरलेलं. वादळ किनाऱ्याला समांतर गेलं, सिंधुदुर्ग-रत्नागिरीचा आंबा झोडपून १७ मेच्या रात्री गुजरातेत चढलं. आम्ही दुसऱ्या दिवशी घरी परतलो, आणि मग मुंबई हायजवळ बुडालेल्या पी-३०५ तराफ्याच्या बातम्या येऊ लागल्या. त्यावर २६१ माणसं होती, ७० हून अधिक गेली. हेच इशारे, हीच पत्रकं त्यांच्यापर्यंतही पोचली असणार. खाडीकाठच्या म्हातारीला एका वहीने हलवलं आणि समुद्रात कामावर असलेल्या त्या माणसांना वेळेत कुणी परत आणलं नाही, ही गोष्ट गावातल्या खलाशांच्या बोलण्यात फार दिवस होती.

त्यानंतर माझी बदली झाली. बुलढाणा जिल्ह्यात आलो आणि आमच्याकडच्या संकटांकडे कोकणच्या नजरेने बघू लागलो. ११ फेब्रुवारी २०१८ ला देऊळगाव राजा, सिंदखेड राजा भागात गारपीट झाली, तेव्हा मी श्रीवर्धनला होतो. भावाने फोनवर सांगितलं, की हरभरा झोपायला अर्धा तासही लागला नाही. २२ जुलै २०२३ ला जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत पाऊस असा कोसळला, की सातपुड्यातून उतरणारे नदी-नाले गावांत शिरले आणि शेतं मातीसकट खरडून गेली. आदल्या दिवशी 'मुसळधार पावसाची शक्यता' होती, पण ती सबंध जिल्ह्याला होती. कोणत्या नाल्याला, किती वाजता, हे सांगणारं पत्रक नाही. चक्रीवादळ आधी सांगून, नाव घेऊन येतं, ढगफुटी आणि गारा नाव सांगत नाहीत. २ जूनची ती उकाड्याची रात्र मला तेव्हा शिक्षा वाटली होती. संग्रामपूरकडे पूर ओसरल्यावर लोकांशी बोलताना वाटलं, यांना तेवढी एक रात्र मिळाली असती तर गुरं तरी सोडता आली असती.

ती मिळावी म्हणून हळूहळू काही होतंय. विजेचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप आता गुराख्यांच्याही फोनवर दिसतं. पण नाल्याकाठच्या घरांची वही कुणाकडे आहे, हे मी आमच्या गावात विचारलं तेव्हा लोकांनी एकमेकांकडे बघितलं. आमची आशाताई म्हणाली, माझ्याकडे आहे, पण ती लसीकरणाची. तिलाच म्हटलं, तीच चालेल.

२४ मे २०२५ ला कमी दाबाचं क्षेत्र तीव्र होऊन रत्नागिरी-दापोलीच्या दरम्यान किनाऱ्यावर आलं, आणि पाऊस ऐन मे महिन्यात सुरू झाला. आदल्या रात्री तांडेलाचा फोन आला होता. मोठं होणार का, असं तो मला, समुद्रापासून इतक्या लांब बसलेल्याला, विचारत होता. वादळ व्हायच्या आत ते जमिनीवर येईल असं दिसतंय, म्हणून सांगितलं. इंजिनाचं काय केलं, विचारलं. "वर नेलं," तो म्हणाला, "आनी शाळेला स्लॅब पडला, मास्तर. बघायला या."