शाळू, ओल आणि कडबा
एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. माण तालुक्यात आणि पलीकडे सांगलीच्या आटपाडी-जतकडे जेमतेम ५००. तिथला शाळू जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढतो. मशागतीत माती उलटली, की ही ओल लवकर उडते. न नांगरता पेरले तर ती जास्त टिकते, जुन्या मुळांच्या वाटांनी पाणीही खोल मुरते. मात्र जमिनीवर काडीकचऱ्याचे पांघरूण हवे, नाहीतर काळ्या रानाला भेगा पडतात. कडबा तर जनावरांना लागतो. मग काय करायचे? पुष्कळ ठिकाणी शाळू उपटून काढतात. तो कापला, तर निदान धसकटे आणि मुळे रानातच राहतील. आपण वर्गात दोन कुंड्यांना सारखे पाणी घालू, एकीवर पाचोळा पसरू आणि रोज वजन करू. किती ओल वाचली, ते ग्रॅममध्ये कळेल.