पन्नास टक्क्यांचा सौदा

१६ एप्रिल २०२० रोजी चीनमधून सुमारे पाच लाख रॅपिड अँटिबॉडी किट्सची खेप भारतात उतरली. कोरोनाच्या टाळेबंदीचा चौथा आठवडा चालू होता. आरटीपीसीआर करणाऱ्या प्रयोगशाळा मोजक्या होत्या, आणि बोटातून काढलेल्या रक्ताच्या थेंबावर पंधरा-वीस मिनिटांत निकाल देणारी पट्टी प्रत्येक राज्याला हवी होती. अकरा दिवसांनी, २७ एप्रिलला, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) त्याच राज्यांना कळवले: वापर थांबवा, किट्स परत पाठवा.

या अकरा दिवसांत जे घडले, त्यात पुढच्या दोन वर्षांची जवळजवळ सगळी बीजे होती. राजस्थानचे आरोग्यमंत्री रघू शर्मा यांनी सांगितले की, ९० टक्के अचूकता अपेक्षित असताना प्रत्यक्षात हाती आले ५.४ टक्के. त्याच दिवशी, २१ एप्रिलला, आयसीएमआरचे डॉ. रमण गंगाखेडकर रोजच्या पत्रकार परिषदेत म्हणाले की, आरटीपीसीआरमध्ये पॉझिटिव्ह आलेल्यांना ही किट्स ओळखतात की नाही, यात ६ टक्क्यांपासून ७१ टक्क्यांपर्यंत फरक दिसतो आहे. पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेची धुरा सांभाळलेल्या गंगाखेडकरांना चाचण्यांच्या खाचाखोचा ठाऊक होत्या. दोन दिवस चाचण्या थांबवा, आमची पथके जागेवर जाऊन तपासतील, असे त्यांनी सांगितले. दोन दिवसांची ती स्थगिती नंतर कायमची झाली.

दरम्यान दिल्ली उच्च न्यायालयात एक वेगळेच प्रकरण उभे राहिले होते. आयातदार आणि वितरक यांच्यात पैशांवरून जुंपली होती, आणि त्या भांडणातून कळले की २४५ रुपयांना आयात झालेले किट आयसीएमआरला ६०० रुपयांना मिळणार होते. न्यायालयाने जीएसटीसह ४०० रुपयांची मर्यादा घातली. आयसीएमआरने खुलासा केला की चार निविदा आल्या होत्या, १,२०४, १,२००, ८४४ आणि ६०० रुपयांच्या, आणि सर्वांत कमी दराची स्वीकारली. सरकारचा एक रुपयाही बुडालेला नाही, हेही ठासून सांगण्यात आले. खरेच असेल. पण चर्चेचा सगळा झोत किमतीवर राहिला आणि एक प्रश्न बाजूला पडला: ज्या किटला पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेच्या (एनआयव्ही) तपासणीनंतर देशात येऊ दिले, ते रस्त्यावर जाताच असे का वागले?

याचे एक उत्तर किटमध्ये होते, दुसरे दिनदर्शिकेत. विषाणू शरीरात शिरल्यावर अँटिबॉडी तयार व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. लक्षणे सुरू होऊन तीनच दिवस झालेल्या माणसाच्या रक्तात ती पट्टी शोधणार काय? चिनी कंपन्यांनी आणि दूतावासाने हाच बचाव केला, आणि तो अगदीच पोकळ नव्हता. मात्र तिसरे उत्तर अधिक अडचणीचे होते. चाचणीची चाचणी घ्यायची तर नमुन्यांचा संच लागतो: आजाराच्या पाचव्या, दहाव्या, विसाव्या दिवशी घेतलेले बाधितांचे रक्त, आणि साथीच्या आधीपासून शीतपेटीत जपलेले निरोगी माणसांचे रक्त. मार्चअखेर साऱ्या देशात नोंदलेले रुग्ण दीड हजारांच्या आसपास होते. एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर कुठलीही संस्था किती खात्रीचा शिक्का मारणार?

घसरलो ते आपणच एकटे नव्हे. अमेरिकेच्या एफडीएने १६ मार्च २०२० रोजी अँटिबॉडी चाचण्यांना पूर्वपरवानगीशिवाय बाजारात उतरू दिले आणि ४ मे रोजी ती सवलत मागे घेतली. ब्रिटनने चीनमधून घेतलेल्या अँटिबॉडी किट्स ऑक्सफर्डच्या तपासणीत नापास झाल्या. तरीही आपल्याकडे सावध राहण्याचे एक जादा कारण होते. क्षयरोगाच्या रक्तचाचणीचा धडा आपण फार पूर्वी, चांगली फी भरून शिकलो होतो.

क्षयरोग ओळखायला बेडका तपासावा लागतो. पण कित्येक वर्षे खासगी प्रयोगशाळा रक्तातल्या अँटिबॉडी मोजून टीबीचे निदान करत होत्या. या चाचण्या खऱ्या रुग्णाला सोडून देत आणि निरोग्याला महिनोन् महिने औषधे घ्यायला लावत. भारतात दरवर्षी अशा सुमारे १५ लाख चाचण्या होत असल्याचा अंदाज होता. जुलै २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्या वापरू नका असे स्पष्ट सांगितले, आणि जून २०१२ मध्ये केंद्र सरकारने त्यांची आयात, निर्मिती, विक्री सगळेच बंद केले. इतकी वर्षे त्या चालल्या कशा? कारण कायदा त्यांच्याकडे बघतच नव्हता. एचआयव्ही, कावीळ ब आणि क, रक्तगट अशा मोजक्या चाचण्या सोडल्या तर निदानाची किट्स परवान्याच्या कक्षेबाहेर होती. वैद्यकीय उपकरण नियम आले २०१७ मध्ये, लागू झाले १ जानेवारी २०१८ पासून. सर्वच वैद्यकीय उपकरणे कायद्याच्या कक्षेत आणणारी अधिसूचना फेब्रुवारी २०२० मध्ये निघाली, आणि ती अमलात येण्याची तारीख होती १ एप्रिल २०२०. योगायोग म्हणावा तो असा: नवे खाते थाटायचा मुहूर्त आणि साथ एकाच पंधरवड्यात.

मार्चमध्ये मात्र निकष कडक होते. आरटीपीसीआर किट्स एनआयव्हीत तपासताना पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह दोन्ही नमुन्यांत शंभर टक्के जुळणी हवी, अशी अट होती. महिनाअखेरीस जी दोन किट्स त्या कसोटीला उतरली, त्यांत पुण्याच्या मायलॅबचे होते. विषाणूतज्ज्ञ मीनल डाखवे-भोसले यांनी ते बाळंतपणाच्या आदल्या दिवशी तपासणीसाठी सुपूर्द केल्याची गोष्ट तेव्हा घरोघरी पोचली होती. त्या कौतुकात शंभर टक्क्यांच्या अटीकडे कोणाचे लक्ष गेले नाही. जाण्याचे कारणही नव्हते.

अडीच-तीन महिन्यांत ती अट पन्नासवर आली.

१४ जून २०२० रोजी आयसीएमआरने पहिल्या रॅपिड अँटिजन चाचणीला मान्यता दिली. कंपनी दक्षिण कोरियाची, कारखाना हरियाणात मानेसरला. ही चाचणी अँटिबॉडी नव्हे, विषाणूचाच प्रथिनांश शोधते, म्हणजे एप्रिलची मूळ चूक इथे नव्हती. आयसीएमआर आणि दिल्लीच्या एम्समधल्या तपासणीचे आकडेही जाहीर केले गेले: निरोगी माणसाला निरोगी म्हणण्याची क्षमता, म्हणजे विशिष्टता, ९९.३ ते १०० टक्के; बाधिताला बाधित म्हणण्याची, म्हणजे संवेदनशीलता, ५०.६ ते ८४ टक्के. पुढे इतर कंपन्यांसाठी किमान निकष ठरला, नमुना घेतल्या जागीच चाचणी होणार असेल तर संवेदनशीलता ५० टक्के, विशिष्टता ९५ टक्के. सप्टेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपला किमान निकष सांगितला: ८० आणि ९७.

या पन्नास टक्क्यांची त्या काळी बरीच टिंगल झाली. नाणे उडवले तरी एवढेच उत्तर मिळेल, असे म्हटले गेले. हे गणित चुकीचे आहे. नाणे निरोग्यांपैकीही निम्म्यांना पॉझिटिव्ह ठरवेल. एक हजार माणसांच्या वस्तीत पन्नास बाधित आहेत आणि चाचणी साठ टक्के पकडते असे धरा. तीस सापडले, तेही अर्ध्या तासात, प्रयोगशाळेच्या रांगेत तीन दिवस न घालवता. धारावीसारख्या वस्तीत ते तीन दिवस सोन्याच्या मोलाचे. राहिलेले वीस निगेटिव्हचा कागद घेऊन घरी गेले. म्हणून सौद्याला एक शर्त जोडलेली होती: पॉझिटिव्ह म्हणजे पॉझिटिव्ह, पण लक्षणे असून निगेटिव्ह आले तर आरटीपीसीआर केलीच पाहिजे. ही शर्त पाळली तर पन्नास टक्के हा शहाणपणाचा निकष होता, असेच मला आजही वाटते. टीका व्हायला हवी होती ती दुसऱ्या आकड्यावर, ९५ वर. हजार माणसांत दहाच बाधित असतील तर काठावर पास झालेले किट त्यांतले पाच पकडणार आणि ९९० निरोग्यांपैकी जवळपास पन्नासांना बाधित ठरवणार. पंचावन्न पॉझिटिव्हमध्ये खरे पाच! आणि पॉझिटिव्ह आलेल्याची फेरतपासणी नको, असा नियम. पहिल्या किटची विशिष्टता ९९ च्या वर होती म्हणून निभावले. निकषाने निभावले असते असे नाही.

शर्तीचे काय झाले? १० सप्टेंबर २०२० रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला राज्यांना पत्र लिहावे लागले की काही मोठी राज्ये लक्षणे असलेल्या निगेटिव्ह रुग्णांची फेरतपासणी करत नाहीत. कारण उघड होते. रोजच्या चाचण्यांचा आकडा वाढवायचा होता, बाधितांचे प्रमाण खाली आणायचे होते, आणि अँटिजन या दोन्ही कामांना सोयीची होती. सरकारांनाही आतून हे ठाऊक होते. नोव्हेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राने दिल्ली, राजस्थान, गुजरात आणि गोव्याहून येणाऱ्या प्रवाशांकडे दाखला मागितला तो आरटीपीसीआरचाच. पण मार्च २०२१ मध्ये मुंबई महापालिकेने मॉलच्या दारात आणि रेल्वे स्थानकांवर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या तपासण्या सुरू केल्या त्या अँटिजनच्या. ज्याला ताप नाही, खोकला नाही, अशा माणसावर ही चाचणी सर्वांत कमी भरवशाची. तिथून निगेटिव्ह होऊन आत शिरलेला ग्राहक मास्क हनुवटीवर ओढून फिरणार, हे सांगायला साथरोगतज्ज्ञ कशाला हवा?

दुकानदाराचा तराजू वैधमापन खाते तपासते, शिक्का मारते. पण मापात पाप होते ते शिक्क्यानंतर, पारड्याखाली. अँटिजनचे तेच झाले. स्वॅब नाकात किती खोल गेला, द्रावणात काडी किती वेळा फिरवली, थेंब दोन टाकले की पाच, टी या अक्षरासमोरची पुसट रेघ उजेडात पाहिली की मंडपाच्या सावलीत. त्यात अनेक किट्सच्या खोक्यांवर साठवणीची मर्यादा ३० अंश लिहिलेली, आणि विदर्भातल्या मे महिन्यात उपकेंद्राच्या खोलीचे तापमान त्याच्या कितीतरी वर. यातले काहीही परवान्याच्या कागदावर येत नाही.

आणि मग चाचणी झालीच नाही, तर? फेब्रुवारी २०२१ मध्ये बिहारच्या जमुई जिल्ह्यातल्या नोंदवह्यांत मोबाइल क्रमांकाच्या रकान्यात दहा शून्ये लिहिलेली आढळली. त्याच वर्षी हरिद्वारच्या कुंभमेळ्यातला प्रकार तर अजब होता. पंजाबातल्या एका माणसाला संदेश आला की तुमची चाचणी निगेटिव्ह आहे. त्याने चाचणी केलीच नव्हती, आणि तो हरिद्वारला गेलाही नव्हता. त्याने पाठपुरावा केला म्हणून चौकशी लागली आणि सुमारे एक लाख चाचण्या संशयाच्या भोवऱ्यात सापडल्या. एका मोबाइल क्रमांकावर पन्नासहून अधिक माणसे, आणि एकदाच वापरायच्या किटच्या एकाच क्रमांकावर सुमारे सातशे नमुने, असे तपशील बाहेर आले. किटची विशिष्टता किती होती, हा प्रश्न इथे विचारायचा तरी कोणाला?

१९ मे २०२१ रोजी चाचणी थेट घरात आली. मायलॅबच्या कोविसेल्फला मान्यता मिळाली, किंमत २५० रुपये. वीस मिनिटांनंतर उमटलेली रेघ धरायची नाही, पट्टीचा फोटो अ‍ॅपवर चढवायचा, अशी बंधने होती. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनच्या लाटेत ही किट्स औषधाच्या दुकानांतून हातोहात खपली आणि फोटो काही अ‍ॅपवर चढले नाहीत. मुंबईत शेवटी पालिकेने विक्रीची माहिती कळवण्याची सक्ती उत्पादकांपासून किरकोळ औषध विक्रेत्यांपर्यंत सर्वांवर केली. तोवर लाट ओसरायला लागली होती. खरे तर लक्षणे दिसताच घरीच चाचणी करून चार दिवस खोलीत बसणारा माणूस, हाच या तंत्राचा सर्वांत योग्य वापर होता. सरकारच्या वहीत न आलेल्या त्या पॉझिटिव्हांनी साथ आवरायला मदतच केली असेल.

आता परवान्याची जाळी पूर्ण विणून झाली आहे. कमी जोखमीच्या उपकरणांना ऑक्टोबर २०२२ पासून आणि जास्त जोखमीच्या उपकरणांना ऑक्टोबर २०२३ पासून परवाना बंधनकारक झाला. आयसीएमआरने साथीच्या काळात तपासलेल्या किट्सच्या लांबलचक याद्याही प्रसिद्ध केल्या. त्यांत कंपनीचे नाव होते आणि समाधानकारक असा शेरा. पहिल्या किटचे आकडे जसे उघड केले होते तसे प्रत्येकाचे दिले असते, तर तालुक्याच्या डॉक्टरला ५२ टक्क्यांचे किट आणि ८२ टक्क्यांचे किट यांतला फरक कळला असता. पास म्हणजे किती गुणांनी पास, हे लपवण्यात कोणाचे भले होते ते मला अजून उमगलेले नाही.

या सगळ्याहून जुना, शांतपणे चालत आलेला फेरतपासणीचा एक नियम मात्र आपल्याकडेच आहे. डेंगीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात रॅपिड कार्डावर पॉझिटिव्ह आलेला रुग्ण निश्चित रुग्ण मानत नाहीत, तो संशयित. निश्चित ठरतो तो एलायझा चाचणीनंतर, आणि कार्यक्रमासाठी त्यातली आयजीएम किट्स पुरवते पुण्याची एनआयव्ही. दर पावसाळ्यात नगरपालिकेचा डेंगीचा आकडा आणि खासगी दवाखान्यांचा आकडा जुळत नाही म्हणून ओरड होते, पालिका रुग्ण लपवते असा आरोप होतो. कधी तो खराही असेल. पण बहुतेक वेळा दोन आकड्यांमधले अंतर म्हणजे फेरतपासणीच्या रांगेत उभे असलेले नमुने असतात.