नोहाच्या तारवात प्राणी किती?

नोहाच्या तारवात प्रत्येक जातीचे किती प्राणी चढले? दोन, असं आपण चटकन म्हणू. आता ज्यूंच्या तोरातलं पहिलं पुस्तक उघडा. सहाव्या अध्यायात देव सांगतो, प्रत्येक जातीची एक जोडी घे. लगेच सातव्यात म्हणतो, शुद्ध प्राण्यांचे सात-सात घे. पाऊस ४० दिवसांचा, पाण्याचा जोर मात्र १५० दिवस!

अकराव्या शतकात फ्रान्समधल्या राशी या पंडितानं याचा उलगडा केला: बाहेर पडल्यावर नोहाला बळी अर्पण करायचे होते, म्हणून शुद्ध प्राणी जास्त. देवाच्या ग्रंथात एक अक्षरही उगाच नसतं. खटकलं, म्हणजे तिथं अर्थ दडलाय!

१७५३ साली पंधराव्या लुईचा वैद्य जाँ आस्त्रुक याला आणखी काही दिसलं. जोडी घ्यायला सांगतो तो 'एलोहीम'. सात घ्यायला सांगणाऱ्याचं नाव वेगळं, ज्यू मोठ्यानं उच्चारत नाहीत ते चार अक्षरांचं. आस्त्रुकनं नावांप्रमाणे उतारे निरनिराळ्या रकान्यांत मांडले आणि दोरखंडाचा पीळ सुटावा तशा दोन कथा सुट्या झाल्या. गंमत अशी की हे पुस्तक मोशेनं लिहिलं, या परंपरेची बाजूच त्याला राखायची होती! मोशेनं जुनी कागदपत्रं हाताशी घेऊन लिहिलं, एवढंच त्याचं म्हणणं. पुढे १८७८ मध्ये जर्मनीच्या वेलहाउझेननं चार पदर मांडले आणि बरंचसं लेखन मोशेनंतर कित्येक शतकांनी झालं असं सांगितलं. त्यावरचे वाद आजही चालू आहेत.

पण या विसंगती शिल्लक राहिल्याच कशा? कुणी त्या गुपचूप सारख्या का करून टाकल्या नाहीत? मला थक्क करतं ते हे. हजारेक वर्षांपूर्वी तिबेरियाचे 'मासोरेती' म्हणवणारे ज्यू लेखनिक या ग्रंथाची नक्कल करताना शब्द न् शब्द मोजत. एखादा चुकीचा वाटला तरी त्याला हात लावायचा नाही. वाचायचा पाठ समासात लिहायचा. डोळ्यांना एक दिसतं, तोंडानं दुसरं वाचतात, आणि दोन्ही सुरक्षित!

आणि ग्रंथच बुडाला तर? आपले मराठी बोलणारे बेने इस्राएल ज्यू सांगतात, अलिबागजवळ नवगावला पूर्वजांचं जहाज फुटलं, पोथ्या गेल्या, तोंडात राहिली ती 'शमा' ही प्रार्थना.

बुलढाणा जिल्ह्यातल्या देऊळगाव राजाच्या लोकांना अशी गोष्ट शोधायला कोकणात जायला नको. लोणार, मेहकर ही शेजारची गावं लीळाचरित्रात, म्हणजे महानुभावांच्या चक्रधरस्वामींच्या आठवणींच्या ग्रंथात आहेत. तो लिहिणाऱ्या म्हाइंभटांची मूळ पोथी हरवली आणि शिष्यांच्या आठवणींतून ती पुन्हा उभी राहिली, असं महानुभाव परंपरा सांगते. आठवणी जुळेनात तेव्हा त्यांनी काय केलं? एक ठेवून बाकीच्या टाकल्या नाहीत. 'वासना' म्हणून दुसरी आठवणही तिथंच टिपली. चक्रधरस्वामींचा शब्द आपल्या हातून गळू नये, ही त्यामागची तळमळ. याच जिल्ह्यातल्या नरवेलचे वि. भि. कोलते पोथ्या ताडायला बसले आणि १९७८ साली त्यांचं संपादित लीळाचरित्र आलं. ताडायला इतके पाठ त्यांच्यापर्यंत पोचले ते या भाविक लेखनिकांमुळेच.