एक खांब, दोन आवाज

पहाटे 4:50

फाटकाला कुलूप, कुलपाला साखळी. रखवालदार आधी तोंडावर बॅटरी मारतो, मग किल्ली लावतो. तो कंत्राटी आहे. पाळी बारा तासांची, हातात तेरा हजार. त्याला नेमलंय ते जमिनीतल्या तांब्यासाठी. आत हॉलमध्ये यंत्रं आहेत, पण चोर यंत्रं नेत नाहीत. चोर तांबं नेतात.

हे आकाशवाणीचं मीडियम वेव्हचं ट्रान्समीटर केंद्र. स्टुडिओ शहरात, हे शहराबाहेर, उसाच्या पट्ट्यात. मधोमध लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा खांब, तीस मजली इमारतीएवढा. गावाचं आणि माणसांचं नाव लिहायचं नाही, या अटीवर मला दिवसभर बसू दिलंय.

5:15

टेक्निशियन साहेब सायकलवरून येतात. वय छप्पन. चप्पल बाहेर, रबरी तळाचे बूट पायात.

शेजारच्या खोलीत जुना ट्रान्समीटर बंद पडून आहे, व्हॉल्व्हचा. त्याच्या काळात तासभर आधी यावं लागे. आधी पंखे, मग फिलामेंट, फिलामेंट तापलं की मगच हाय टेन्शन. घाई केली की व्हॉल्व्ह जायचा. आता सगळं ट्रान्झिस्टरवर. एक बटण, काही सेकंद, झालं. तरी साहेब लवकर येतात. पंख्यांचा आवाज ऐकतात. एक पंखा गेला तर स्क्रीनवर दिसतंच, पण ते म्हणतात, कानाला आधी कळतं.

मग स्टुडिओला फोन. "आवाज सोडा हो." पट्टी हलते. लाइन ठीक.

5:55

टेबलावर दोन रेडिओ. एक खिशात मावणारा, पाचसातशे रुपयांचा. दुसरा डिजिटल, डीआरएम या प्रसारण-पद्धतीचा. असा घरगुती सेट घ्यायचा तर दहा हजारांच्या आसपास मोजायची तयारी ठेवावी लागते.

आकाशवाणीची ओळखधून सुरू होते. 1934 साली मुंबईत आलेल्या वाल्टर कॉफमन यांच्या नावावरची ही धून. ती आधी छोट्या रेडिओतून येते. दोनेक सेकंदांनी तीच डिजिटलमधून येते, पण खरखर नसलेली. मला वाटलं सेट बिघडलाय. साहेब हसले.

"बिघाड नाही. आवाजाचे बिट मुद्दाम विस्कटून पाठवतात. वीज कडाडली तर सलग एक शब्द जाऊ नये. थोडं इथलं जावं, थोडं तिथलं. सेट ते परत जुळवतो. जुळवायला वेळ लागतो."

म्हणून वेळेचे टोले डिजिटलवर उशिरा पडतात. घड्याळ लावायचं तर छोट्या रेडिओवरच लावायचं.

दोन्ही आवाज एकाच खांबावरून जातात. नेहमीच्या फ्रिक्वेन्सीवर साधा आवाज, त्याला लागून नऊ किलोहर्ट्झच्या जागेत डिजिटल. त्या अरुंद जागेतून सेकंदाला वीसेक हजार बिट जातात. मोबाइलवरची साधी एमपीथ्री गाणी याच्या सहापट जागा खातात. एवढ्याशा जागेत माणसाचा आवाज आणि सनई दोन्ही बसवायची, ही खरी कारागिरी. ती इथे दिसत नाही. इथे फक्त एक काळा डबा आहे, हिरव्या दिव्याचा.

7:00

लॉगबुक. दर तासाला नोंद. आउटपुट किती, परत फिरलेली पॉवर किती, हवा किती गरम, वीज किती. कॉम्प्युटर हे सगळं आपणहून साठवतो. वही तरीही आहे.

वहीच्या मागच्या पानावर साहेब मला हिशेब मांडून देतात. शंभर किलोवॉट बाहेर टाकायचेत असं धरा. जुन्याची कार्यक्षमता साठ टक्के धरा, म्हणजे तासाला 167 युनिट. नव्याची अठ्ठ्याऐंशी धरा, म्हणजे 114. फरक 53 युनिटचा. युनिटला नऊ रुपये धरले तर तासाला पावणेपाचशे रुपये वाचले. सोळा तासांचे साडेसात हजारांच्या वर. पेन्सिलीने दोन रेघा ओढतात.

"नव्या ट्रान्समीटरचं कौतुक लोक डिजिटल आवाजासाठी करतात. ज्याला बिल भरायचंय, तो या आकड्यासाठी करतो."

8:30

चहा येतो. दहा रुपये कप, फाटकापर्यंत पोच.

हायवेवरून गाड्या चालल्यात. डिजिटलचा ऐकणारा आहे तो त्या गाड्यांत. मारुती, ह्युंदाईसारख्या कंपन्यांच्या लाखो गाड्यांत डीआरएमचा रेडिओ कारखान्यातूनच बसून आलाय. मालकाला बहुधा पत्ता नसतो. तो एफएम लावतो, नाही तर फोन जोडतो.

नॉर्वेने 2017 मध्ये आपल्या राष्ट्रीय वाहिन्यांचं एफएम बंदच केलं, सगळं डीएबी या दुसऱ्या डिजिटल पद्धतीवर नेलं. डीएबीला टॉवर थोड्या थोड्या अंतरावर लागतात. आपल्याकडे मीडियम वेव्हचे खांब आधीपासून उभे होते आणि एकेक खांब कित्येक तालुके झाकतो. म्हणून आकाशवाणीने डीआरएम घेतलं. खांब तोच, जमिनीतलं तांबंही तेच. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो. फक्त ऐकायचा सेट स्वस्त झाला नाही, आणि तेवढ्यावर सगळं अडलंय.

10:50

पहिली सभा, म्हणजे सकाळचं प्रसारण, संपली. दुसरी सुरू व्हायला तासभर आहे. अंगमेहनत असते ती या तासात.

आधी ट्रान्समीटर बंद. मग कुंपणाची किल्ली. ही किल्ली पॅनेलमधून काढली की ट्रान्समीटर चालूच होत नाही. तरी आत पाय टाकण्याआधी साहेब लांब दांड्याचा अर्थिंग रॉड खांबाला लावतात. खांब हाच एरियल. जाड चिनी मातीच्या इन्सुलेटरवर उभा, सुरू असताना नखशिखांत जिवंत. जमिनीवर उभं राहून हात लावला तर मांस भाजतं. साहेबांच्या उजव्या तळव्यावर पांढरा डाग आहे. त्याबद्दल ते बोलत नाहीत.

गवत कापायला तीन बाया आल्यात. चारशे रुपये रोज. पेट्रोलचं मशीन घेऊन येणारा हजार मागतो, पेट्रोल वेगळं. पण खांबाजवळ मशीन चालत नाही. वीतभर खाली तांब्याच्या तारा चहूकडे पसरल्यात, पात्याने तुटायच्या. तिथे विळाच.

"साहेब, ही तार वर आलीया बघा."

"राहू द्या मावशी, हात नका लावू. मी बुजवतो."

कुदळीने वीतभर चर, तार आत, वर माती, पायाने दाबली. तेवढ्यात हेल्पर इन्सुलेटर कापडाने पुसतो. मग ट्यूनिंगची खोली. तांब्याच्या मोठमोठ्या कॉइल. साहेब प्रत्येकीत बॅटरी मारतात, पाल शोधतात. पाल दोन वेटोळ्यांमध्ये बसली की ठिणगी उडते, पाल मरते आणि सगळ्या जिल्ह्याचा रेडिओ गप्प होतो.

शेवटी हवेचे फिल्टर. कोणी तरी पाचट जाळलंय. फिल्टर काळे. अंगणात आपटून, ब्लोअर मारून, परत जागेवर. हेल्परच्या भुवयासुद्धा काळ्या.

दुपारी 1:30

दुसऱ्या पाळीचा माणूस आजारी आहे. साहेब डबा उघडतात. भाकरी, वांगं, कांदा. आज डबल. खुर्च्या सहा आहेत, माणसं तीन.

3:45

वळीव. लांब वीज चमकली, ट्रान्समीटर डोळ्याचं पातं लवायच्या आत थांबला आणि परत लागला. ऐकणाऱ्याला एक टक् एवढंच कळलं असेल.

दहा मिनिटांनी गावची लाइन गेली. डिझेल जनरेटर. साहेब पळत नाहीत, भराभर चालतात. साधा आवाज लगेच परत आला. डिजिटलही आला, कारण तो काळा डबा, म्हणजे एन्कोडर, यूपीएसवर आहे. तो बंद पडला असता तर कॉम्प्युटर उठेपर्यंत थांबावं लागलं असतं.

जनरेटर तासाला चाळीसेक लिटर पितो. म्हणजे साडेतीन हजारांच्या वर. तोच तास लाइनवर हजारभरात निघतो. चाळीस मिनिटांनी लाइन आली. सगळ्यांचे खांदे खाली आले.

6:30

असिस्टंट इंजिनिअर स्वतःच्या गाडीतून फेरी मारतोय, डिजिटल कुठवर पोचतं ते बघायला. इकडे फोन स्पीकरवर.

"साठ किलोमीटर. स्वच्छ."

"पुढे जा."

"घाट लागला. स्वच्छच आहे. आहे... आहे... गेला."

साधा आवाज असा जात नाही. तो आधी खरखरतो, मग दबतो, मग शेजारच्या राज्याचं स्टेशन त्यात मिसळतं. अंधार पडला की हे जास्त, कारण रात्री मीडियम वेव्ह आकाशातून परतून लांबवर उतरते. डिजिटल एक तर पूर्ण असतं, नाही तर नसतंच. खरखरीतून बातम्या उचलायची सवय असलेल्या म्हाताऱ्या कानांना हे पटणार नाही. मलाही फारसं पटलं नाही. पण घराघरांतल्या एलईडी बल्बनी आणि चार्जरनी मीडियम वेव्हचा असा चिखल केलाय, की साधा आवाज गावातसुद्धा नीट लागत नाही.

रात्री 11:10

तिसरी सभा संपली. आउटपुट शून्य. लॉगबुकात शेवटची ओळ: दिवसाचे युनिट, डिझेल सव्वीस लिटर, खंड दोन, कारण वीज. सही. साहेब सायकल काढतात. उद्या 5:15.

तुमची गाडी गेल्या सात-आठ वर्षांतली असेल, तर एकदा रेडिओ एएमवर न्या आणि जवळच्या आकाशवाणी केंद्राच्या आसपास शोध लावा. पडद्यावर डीआरएम अशी अक्षरं आली, तर त्या सेटचे पैसे तुम्ही गाडीच्या किमतीतच भरलेले आहेत.