नायटा नव्हे, हेली-हेली

काखेत, जांघेत, मानेवर किंवा स्तनांखाली लालसर चट्टा उठतो, ओला होतो आणि त्यावर बारीक आडव्या भेगा पडतात. चालताना आग होते. संध्याकाळी कपडे बदलताना बनियन जखमेला चिकटलेला असतो. थंडी पडली की चट्टा ओसरतो, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा त्याच जागी.

आपल्याकडे याला पहिलं नाव मिळतं ते नायटा. मग भारतातून येताना बॅगेत आणलेली ट्यूब बाहेर निघते. अमेरिकेतल्या कितीतरी मराठी घरांत ती असतेच. अशा अनेक मलमांत बुरशीच्या औषधासोबत क्लोबेटासोलसारखं जहाल स्टेरॉइड मिसळलेलं असतं. चार दिवस बरं वाटतं, पण महिनोन्महिने लावलं की काख-जांघेतली मुळातच नाजूक कातडी पातळ होते आणि तिच्यावर न जाणारे वळ उठतात. म्हणून आधी ट्यूब बाजूला ठेवा आणि घरात विचारा: बाबांना, आत्याला, आजोबांना असंच काही होत होतं का?

होत असेल, तर हा हेली-हेली रोग असू शकतो. ह्यू आणि हॉवर्ड हेली या जॉर्जिया राज्यातल्या दोन त्वचारोगतज्ज्ञ भावांनी 1939 साली त्याचं वर्णन केलं, म्हणून आडनाव दोनदा. उष्णता आणि घाम हे या रोगाच्या रुग्णाचे वैरी, आणि जॉर्जियाचा उन्हाळा कोकणातल्या मे महिन्याची आठवण करून देणारा.

त्वचेच्या पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात. त्यांना जोडणारे दुवे घट्ट राहायला पेशीच्या आत कॅल्शियम योग्य जागी पोचावं लागतं. ते पोचवणाऱ्या पंपाचा जनुक म्हणजे एटीपी2सी1. त्यातला दोष 2000 साली सापडला. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडलेली असली तरी पुरतं. पंप कमी पडतो, दुवे सैल होतात आणि जिथे घर्षण, घाम, ऊब एकत्र येतात तिथे पेशी सुटतात. सूक्ष्मदर्शकाखाली ही कातडी ढासळत्या विटांच्या भिंतीसारखी दिसते, असं डॉक्टर स्वतःच म्हणतात. दोष जन्मापासून असला तरी त्रास बहुधा विशी ते चाळिशीत सुरू होतो.

निदानासाठी कातडीचा छोटा तुकडा तपासतात. पेम्फिगस नावाच्या मिळत्याजुळत्या रोगात त्वचेवर हल्ला करणाऱ्या प्रतिपिंडांच्या खुणा सापडतात, इथे सापडत नाहीत. आणखी एक खूण घरबसल्या पाहता येते: अनेक रुग्णांच्या नखांवर उभ्या पांढऱ्या रेषा असतात. अंगठ्याचं नख उजेडात धरून बघा.

आता उठावाबद्दल, म्हणजे चट्टा पुन्हा उठतो तेव्हाबद्दल. भेग पडली की तिच्यात जिवाणू किंवा बुरशी शिरते, सूज वाढते, ओल वाढते, आणि ओलीमुळे भेग आणखी रुंदावते. हे चक्र लवकर तोडायचं. जागा कोमट पाण्याने धुवा, न घासता टिपून घ्या. हेअर ड्रायरची थंड हवाही चालते. कातडीच्या घडीत मऊ सुती कापड ठेवा, ओलं झालं की बदला. डॉक्टर बहुधा थोड्या दिवसांसाठी बेताचं स्टेरॉइड आणि जंतुसंसर्गासाठी क्लिंडामायसिनसारखं मलम देतात, कधी पोटातून डॉक्सिसायक्लिन. जंतुसंसर्ग वारंवार होत असेल तर ब्लीचची आंघोळ सुचवतात: पूर्ण भरलेल्या टबात, म्हणजे साधारण दीडशे लिटर पाण्यात, जास्तीत जास्त अर्धा कप साधं घरगुती ब्लीच, दहा मिनिटं. प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा. थेट जखमेवर ब्लीच कधीही लावू नका.

ज्यांना चट्टा वारंवार उठतो त्यांच्यासाठी घाम आटवणारी बोटॉक्सची इंजेक्शनं, लेझर, आणि 2017 पासून काही रुग्णांत उपयोगी दिसलेलं कमी मात्रेतलं नाल्ट्रेक्सोन असे मार्ग आहेत. नाल्ट्रेक्सोन घेताना ओपिऑइड वेदनाशामकं चालत नाहीत, हे प्रत्येक डॉक्टरला सांगा. कायमचा इलाज अजून नाही.

अमेरिकेत त्वचातज्ज्ञाची वेळ मिळायला आठवडे जातात आणि तोवर चट्टा सुकलेला असतो. म्हणून उठाव असतानाच फोटो काढून ठेवा, आणि पुढच्या वेळी पहिल्या दिवशी काय लावायचं ते लिहून मागा. एवढ्या एका कागदाने पुष्कळ हाल वाचतात, असं माझं ठाम मत आहे. आणि घर्षण टाळायला, काखेत घट्ट बसणारा ब्लाउज शिवण्याआधी शिंप्याला दोन बोटं सैल ठेवायला सांगा.

मात्र ताप आला, लाली झपाट्याने पसरली, किंवा एकसारखे बारीक, फार दुखणारे फोड उठले तर थांबू नका. नागीण कुळातला हर्पिसचा विषाणू शिरलेला असू शकतो आणि त्याचं औषध वेगळं असतं.

प्रत्येक अपत्याला हा दोष मिळण्याची शक्यता निम्मी असते, तेव्हा मोठ्या झालेल्या मुलांना जरूर सांगा. पण स्पर्शाने हा रोग कुणालाही लागत नाही. धाकट्या नातवंडाला खुशाल मांडीवर घ्या.