वारुळावरची अळंबी

पावसाच्या चार-सहा चांगल्या सरी झाल्या की सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जिल्ह्यातील चोपडा, यावल, रावेरकडे आणि धुळे जिल्ह्यातील शिरपूरच्या डोंगरपट्ट्यात वारुळांवर अळंबी उगवते. वीज कडाडली की अळंबी येते, असे आपण लहानपणी ऐकलेले असते. काल जिथे काहीच नव्हते तिथे आज टोपलीभर दिसते, म्हणून तसे वाटते. पण अल्लाहची कुदरत त्याहून नवलाची आहे.

ही अळंबी वाळवीच्या शेतातले पीक आहे. वाळवी वाळलेली पाने आणि लाकूड चावून वारुळात नेते. त्याचे पोळ्यासारखे गोळे रचते आणि त्यांवर बुरशी वाढवते. लाकडातला कठीण भाग वाळवीला पचत नाही, तो बुरशी मऊ करते. मग तेच वाळवीचे अन्न होते. बदल्यात बुरशीला ऊब, ओल आणि निवारा मिळतो. दोघींचे एकमेकींवाचून चालत नाही. पावसाने माती भिजली की बुरशीचा कोंब खालून वर येतो आणि छत्री उघडते. म्हणूनच या अळंबीचा देठ मुळासारखा खोल गेलेला असतो.

अरबस्तानच्या वाळवंटात पावसानंतर जमिनीखाली 'कमआ' मिळतो. तोही बुरशीचाच प्रकार. त्याची भागीदारी रानझुडपाच्या मुळांशी असते. बुरशी मातीतले पाणी आणि क्षार मुळांना पोचवते, झुडूप तिला साखर देते. बुखारी व मुस्लिम या हदीस-संग्रहांत प्रेषित मुहम्मद (स.) यांनी कमआला 'मन्न'पैकी म्हटल्याचे आले आहे. त्याच हदीसमध्ये त्याच्या पाण्यात डोळ्यांसाठी शिफा असल्याचा उल्लेख आहे. मात्र आपल्या रानातली अळंबी म्हणजे कमआ नव्हे. तिचा रस डोळ्यांत घालू नये.

आपल्या केळी आणि कापसाच्या मुळांशीही अशीच बुरशी नांदते, फक्त तिला छत्री येत नाही.

माताभगिनींना एक कळकळीची विनंती. सगळीच भूछत्रे खाण्याजोगी नसतात. चांदीचे नाणे किंवा लसूण काळा पडला नाही म्हणजे विष नाही, ही समजूत खोटी आहे. काही विषे शिजवूनही जात नाहीत आणि त्यांचा त्रास सहा-बारा तासांनी सुरू होतो. मधे बरे वाटले तरी आत यकृत निकामी होत असते. पक्की ओळख नसेल तर घरी आणू नका. चुकून खाल्ले गेले तर उरलेला तुकडा घेऊन लगेच दवाखाना गाठा. हौस असेल तर बाजारातली लागवडीची धिंगरी आहेच.

आणि शेतकरी बांधवांनो, घराच्या चौकटीला लागलेल्या वाळवीचा बंदोबस्त जरूर करा. पण दूर बांधावरचे, रानातले वारूळ उगाच फोडू नका. ते मोडले की आतले शेत मोडते, आणि पुढच्या पावसात तिथे अळंबी येत नाही. अल्लाहने माणसाला जमिनीचा खलीफा केले आहे. मातीतली ही भागीदारी जपणे हीसुद्धा आपल्याकडची अमानतच आहे.