जायंट रोबॉट, सिग्मा आणि माळ्यावरची कॅसेट

वाशीला पहिली लोकल आली ती मे १९९२मध्ये. त्याआधी वीसेक वर्षं हे शहर नकाशावर मोठं आणि जमिनीवर तुरळक होतं. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली 'मार्ग' नियतकालिकातून खाडीपलीकडच्या जुळ्या शहराची कल्पना मांडली. मार्च १९७०मध्ये सिडको स्थापन झाली, पुढे खाडीवर पूल झाला आणि मग आमच्यासारखी बिऱ्हाडं सामान ट्रकवर चढवून सेक्टर नऊ-दहाच्या जेएन टाइप इमारतींत येऊन पडली. समोर चिखल, मागे मिठागरं, मधे घरं. गच्चीवरच्या सगळ्या अँटेनांची तोंडं पश्चिमेला, वरळीच्या मनोऱ्याकडे. वारा सुटला की कुणीतरी वर धावायचं आणि खालून आरोळी यायची, 'आलं, आलं... गेलं!'

या अर्धवट शहरातल्या पोरांनी तेव्हा टीव्हीवर जे भविष्य पाहिलं, ते गेल्या वर्षभरात सापडेल तेवढं मी पुन्हा पाहिलं. लहानपणीचं पुन्हा पाहिलं की विरस होतो म्हणतात. मला तसा अनुभव आला नाही. खटकली ती वेगळीच गोष्ट, पण तिच्याकडे नंतर येतो.

आधी 'जायंट रोबॉट'. तोएई कंपनीने १९६७-६८मध्ये काढलेली, मित्सुतेरु योकोयामाच्या चित्रकथेवरची ही सव्वीस भागांची जपानी मालिका. अमेरिकेत तिला इंग्रजी आवाज चढले आणि तीच आवृत्ती ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर आली. जॉनी सोको नावाचा पोरगा मनगटी घड्याळात बोलतो आणि फॅरोच्या चेहऱ्याचा अजस्र यंत्रमानव उडत येतो. बोटांतून क्षेपणास्त्रं सुटतात. आमच्या इमारतीतल्या प्रत्येक मुलाने कधी ना कधी घड्याळाच्या पट्ट्यात तोंड खुपसून हुकूम सोडलेले आहेत.

आता पाहताना राक्षसांच्या पाठीवरच्या शिवणी दिसतात, विमानांच्या तारा दिसतात. त्याने काही बिघडत नाही. पण पहिल्याच भागात एक गोष्ट आहे, जी तेव्हा आमच्या डोक्यावरून गेली होती. दुष्टांनी ओलीस ठेवलेला शास्त्रज्ञ हा यंत्रमानव बनवतो. त्याच्यावर पहिल्यांदा ज्याचा आवाज नोंदला जाईल, त्याचंच तो ऐकणार असतो, आणि तो जागा होतो अणुबॉम्बच्या स्फोटाने. हिरोशिमानंतर बावीस वर्षांनी जपानी घराघरांत मुलांच्या कार्यक्रमात अणुस्फोट होतो आणि त्यातून मुलांचा रक्षक उभा राहतो! शेवटच्या भागात त्याची ऊर्जा संपत आलेली असते. जॉनी घड्याळातून 'परत ये' म्हणून ओरडतो, आणि आजवर एकही हुकूम न मोडलेला यंत्रमानव तेवढा एक हुकूम मोडतो. दुष्टांच्या म्होरक्याला, सम्राट गिलोटिनला कवटाळून तो अंतराळात जातो आणि उल्केवर आदळतो. लहानपणी रडलो होतो. आताही घसा दाटला, हे लपवण्यात अर्थ नाही. शेजारी बसलेली अकरा वर्षांची भाची मात्र कोरडी होती. तिने विचारलं, 'याचे आईबाबा कुठेयत?' खरंच, त्या मालिकेत जॉनीला कुणी जेवायला हाक मारत नाही.

'स्टार ट्रेक'बद्दल इतकं लिहून झालंय की थोडक्यात आवरतो. १९६६ ते १९६९ या काळातले ७९ भाग दूरदर्शनमुळे आमच्यापर्यंत दीड दशक उशिरा पोहोचले. एंटरप्राइझची आपोआप सरकणारी दारं पडद्यामागची माणसं हाताने ओढायची. माणसाला किरणांतून ग्रहावर उतरवायची युक्ती निघाली, कारण दर आठवड्याला यान उतरवून दाखवणं परवडणारं नव्हतं. पैसे नसले की डोकं चालतं, हे आपल्या हौशी रंगभूमीला वेगळं सांगायला नको.

देशी मालिकांत 'स्पेस सिटी सिग्मा'ने आमच्यावर राज्य केलं. कॅप्टन तारा आणि झखाकू ही दोन नावं आज पंचेचाळिशीच्या माणसापुढे उच्चारून बघा, त्याचा चेहरा बदलतो. मालिका 'स्टार ट्रेक'च्या वळणाची होती हे उघड होतं, पण अंतराळयानाचे हुकूम हिंदीत सुटत होते. १९८९च्या सुमाराची आनंद महेंद्रूंची 'इंद्रधनुष' त्याहून अस्सल. गिरीश कर्नाड, पोरसवदा करण जोहर, आणि मुलं घरी सुटे भाग जुळवून संगणक बनवतात, त्यातून कालप्रवास! तेव्हा वाशीत कुणाच्या घरी संगणक असणं ही बातमी होती. त्यामुळे आम्हाला कालप्रवासापेक्षा संगणकच जास्त अशक्य वाटायचा.

पुढे १९९७ला 'शक्तिमान' आला. त्याला विज्ञानकथा म्हणायला मी तयार नाही. तो कुंडलिनी जागवलेला महापुरुष होता, आणि म्हणूनच २००५पर्यंत टिकला. १९९८च्या 'कॅप्टन व्योम'मध्ये केतन मेहतांनी मिलिंद सोमणला अंतराळात धाडलं. हेतू चांगला, खर्चही केलेला. पण या सगळ्यांत आज सर्वांत जुनाट तीच दिसते. थर्माकोल, पुठ्ठा आणि तारा यांच्याकडे आपण खेळणं म्हणून बघतो आणि माफ करतो; नव्वदीतल्या संगणकी चित्रांना ती सवलत मिळत नाही.

आता खटकलेली गोष्ट. हे सारं मी हिंदीत पाहिलं, इंग्रजीत पाहिलं, जपानीवरून इंग्रजीत आलेलं पाहिलं. मराठीतलं त्यात काहीच नव्हतं. आणि त्याच वर्षांत मराठी विज्ञानकथा ऐन भरात होती! मराठी विज्ञान परिषद १९६६पासून काम करत होती. तिच्या १९७४च्या कथास्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने आलेल्या 'कृष्णविवर'ला पहिलं बक्षीस मिळालं आणि लेखक निघाले जयंत विष्णु नारळीकर. पाठोपाठ बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे, शुभदा गोगटे. दिवाळी अंक काढायचा तर एखादी विज्ञानकथा हवीच, असे ते दिवस. मुंबई दूरदर्शन १९७२पासून चालू होतं. नाटकं होत होती, १९८७मध्ये भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' सुमीत राघवनच्या रूपात पडद्यावर आला. पण मराठी विज्ञानकथेची, मुलांच्या तोंडी नाव राहील अशी मालिका काही झाली नाही. नारळीकरांच्या 'धूमकेतू'वर चिल्ड्रन्स फिल्म सोसायटीने चित्रपट काढला, तोही हिंदीत. त्यांची दूरदर्शनवरची 'ब्रह्मांड' मालिकाही हिंदीतच, आणि ती विज्ञानाची, कथेची नव्हे.

खर्चाचं कारण मला पटत नाही. मराठी विज्ञानकथेला अंतराळयान लागतंच कुठे? नारळीकरांच्या 'वामन परत न आला'मध्ये प्रयोगशाळा, माणसं आणि एक धोकादायक यंत्र. दोन खोल्यांच्या सेटवर उभी राहील अशी गोष्ट. हिंमत नव्हती, एवढंच मला दिसतं.

योगायोग असा, की नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू फ्रेड हॉयल यांनी ती हिंमत केली होती. जॉन एलियटबरोबर त्यांनी १९६१मध्ये बीबीसीसाठी 'ए फॉर अँड्रोमेडा' ही सात भागांची मालिका लिहिली. दूरच्या दीर्घिकेकडून रेडिओ संदेश येतो, त्यात संगणक बांधायच्या सूचना असतात. नारळीकर त्या वेळी हॉयलांच्याच हाताखाली संशोधन करत होते. त्या सातपैकी आज अख्खा भाग एकच उरलाय, सहावा. बाकीचे पुसले गेले. टेप महाग, जागा अपुरी, पुन्हा कोण बघणार हा हिशेब. 'डॉक्टर हू'चे नव्वदहून अधिक भाग असेच गेले. त्यातले नऊ २०१३मध्ये नायजेरियातल्या एका प्रक्षेपण केंद्राच्या अडगळीतून परत मिळाले.

आपल्याकडेही टेपा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. शिवाय प्रायोजित मालिका बाहेरच्या निर्मात्यांच्या, त्यामुळे मूळ प्रती त्यांच्या गोदामांत विखुरल्या. चित्रपटांसाठी पुण्यात १९६४पासून राष्ट्रीय संग्रहालय आहे. प्रसार भारतीचाही संग्रह आहे, टाळेबंदीत 'रामायण' आणि 'शक्तिमान' पुन्हा लागले ते आपण पाहिलं. पण 'सिग्मा'चे हाती लागतात ते तुकडेच; ते बहुतेक कुणीतरी घरच्या व्हीसीआरवर टेप केलेले, मधे जाहिराती, कोपऱ्यात मुंग्या.

म्हणून वाशी, नेरूळ, बेलापूरच्या जुन्या रहिवाशांना सांगणं आहे. पुनर्विकासासाठी घरं रिकामी होतायत, माळे उतरवले जातायत. व्हीएचएस कॅसेट भंगारात टाकू नका. आधी खिडकीतून आतली फीत बघा. खाडीकाठच्या दमट हवेत तिच्यावर पांढरी बुरशी धरते. तशी दिसली तर कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका; बुरशी हेडला लागते आणि पुढची प्रत्येक कॅसेट बिघडवते. ती साफ करून डिजिटल करून देणाऱ्यांकडे द्या. चांगली असेल तर उभी ठेवा, कोरड्या जागी, उन्हात नाही. घाई करा, कारण शेवटच्या कंपनीने व्हीसीआर बनवणं २०१६मध्ये थांबवलं आणि चालू यंत्रं दर पावसाळ्यात कमी होतायत. आणि कॅसेटवर 'ताईचं लग्न' लिहिलं असलं तरी शेवटपर्यंत चालवून बघा. टेप तीन तासांची असते, लग्नाचं चित्रण बहुतेक वेळा दोन तासांत संपतं, आणि उरलेल्या तासात घरातल्या पोरांनी काय टेप केलं होतं ते कुणालाच आठवत नाही.